बंबापासून नळापर्यंत
(जबलपूर येथे बडा फुहारा परिसरातील मराठी वाचकांपुढे अनुवादिकेने केलेले भाषण)



पाण्याविषयी बोलावयाचे तर बडा फुहाऱ्याहून उचित स्थान कोणते? १८८३ साली खंदारी जलाशयाचे पाणी नळांवाटे या शहरात आले. पाणी घरापर्यंत कसे आणावे याची चिंता तेव्हापासून अनेकांनी वाहिली. घरात तापविलेले पाणी नळापर्यंत कसे पोचते, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही.

हरित म्हणून प्रमाणित होणाऱ्या घरांविषयीचे प्रकरण अनुवादित करताना माझ्या हातून एक चूक झाली. मुळात ‘गरम पाणी पोचविण्याची कार्यक्षमता’ असा आशय होता. मी ‘पाणी तापविण्याची कार्यक्षमता’ असे लिहून गेले. मुद्रिते तपासताना ध्यानी आले, की एका क्रियापदाने सारा विषयच बदलला होता. साठवणीच्या गीझरवरील तारे टाकीतील उष्णता किती टिकते, एवढेच सांगतात. टाकी आणि नळ यांमधील नळीविषयी ते काही सांगत नाहीत.

आपल्या आजीच्या न्हाणीघरात हा प्रश्न नव्हता. तांब्याच्या बंबाची तोटी सोडली, की कढत पाणी थेट घंगाळात पडे. मग विसण घालावयाचे. बंब लाकूड खाई, धूर करी, हे खरे. पण मध्ये नळी नव्हती. आजचा सौरबंब गच्चीवर असतो. आतून २० मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे ०.३१ लिटर पाणी मावते. म्हणजे २० मीटर नळीत सव्वासहा लिटर. रात्रभर निवलेले हे पाणी सकाळी आधी बाहेर येते आणि बहुधा मोरीत जाते. हानी दुहेरी आहे. पाणी तर जातेच. शिवाय तेवढे पाणी ४० अंशांनी तापविण्यास लागणारी सुमारे ०.३ युनिट ऊर्जाही जाते.

अमेरिकेच्या ‘वॉटरसेन्स’ योजनेने २००९ साली नव्या घरांसाठी मर्यादा घातली: उगमापासून सर्वांत दूरच्या नळापर्यंतच्या नळीत १.९ लिटरहून अधिक पाणी साठू नये. तपासणीची रीत सोपी होती. नळ सोडून पाणी मापात धरावयाचे, २.३ लिटर भरण्याच्या आत त्याचे तापमान सुमारे साडेपाच अंश सेल्सियसने वाढावे लागे. नळीची भिंतही थोडी उष्णता शोषते, म्हणून ही थोडी सवलत.

मी घरी हाच प्रयोग केला. चार लिटर भरले, तेव्हा कुठे पाणी कोमट झाले. आई म्हणाली, “मी ते रोज बादलीत धरते, तुला आज कळले!” तिचे कपडे त्याच पाण्यात भिजतात.

घर बांधणाऱ्यांनी न्हाणीघर बंबाजवळ ठेवावे, नळी आखूड व बेताच्या व्यासाची घ्यावी, तिच्यावर उष्णतारोधक वेष्टन घालावे. बांधून झालेल्या घरात निदान एक बादली ठेवावी. माझी चूक छपाईपूर्वी सुधारता आली. भिंतीत पुरलेली नळी इतक्या सहज बदलता येत नाही.