एकच कळ, दोन अर्थ

(किरनापुर येथे गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या जागेवरून दरवर्षी कोणी संतवाङ्मयावर बोलतं, कोणी आरोग्यावर. आम्ही पडलो सरकारी नोकरीतले डिप्लोमावाले. विटा, सिमेंट आणि मोजमाप यापलीकडे आमची धाव नाही. म्हणून यंदा मुलांच्या एका खेळावर बोलतो. हसू नका, विषय शिडीचाच आहे.

खेळाचं नाव माइनक्राफ्ट. स्वीडनच्या मोजांग कंपनीने तो 2011 मध्ये पूर्ण रूपात आणला. आजवर त्याच्या तीस कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या आहेत. त्यात सगळं जग ठोकळ्यांचं. खणा, रचा, बांधा. उंच चढायला शिडी आहे, वेली आहेत, आणि 2019 पासून संगणकावरच्या आवृत्तीत परांचीही आली. सहा बांबू आणि एक दोरा दिला की सहा परांच्या मिळतात. बालाघाटच्या माणसाला बांबूची परांची काय नवी! आम्हाला तेवढ्यापुरता तो खेळ आपलाच वाटला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरहून आमचा भाचा आला होता. त्याने आणि आमच्या मुलाने मिळून खेळात देऊळ बांधायला घेतलं. भाचा नवखा. मुलाने त्याला शिकवलं, "उंचावर शिफ्टची कळ दाबून ठेव, पडणार नाहीस." खरंच आहे. ठोकळ्याच्या कडेला शिफ्ट दाबली की माणूस खाली पडत नाही, आणि शिडीवर दाबली की घसरायचा थांबतो. पण परांचीवर तीच कळ दाबली की माणूस सरळ खाली उतरू लागतो! भाच्याने तिथे जिवाच्या आकांताने शिफ्ट दाबली आणि तो खालीच जात राहिला. मग त्याने मनाशी धडा घेतला, शिफ्ट म्हणजे उतरणे. पुढे खाणीतल्या शिडीवर उतरण्यासाठी शिफ्ट दाबली, तर जागीच अडकला. तेवढ्यात बाण सुटले, गडी मेला आणि दिवसभर जमवलेले हिरे गेले.

"तूच सांगितलं होतंस!" म्हणून तो रडला. दोघांचं बोलणं बंद. आणि आम्ही काय केलं? ज्या भाच्याला आपल्याकडे एवढा मान, त्यालाच म्हणालो, "खेळता येत नाही तर हात लावतोस कशाला?" दुसऱ्या दिवशी तो मुदतीआधीच नागपूरला गेला.

रात्री आम्ही मुलाशेजारी बसून तो प्रकार स्वतः करून पाहिला. पाहता पाहता वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. तेव्हा आमच्याकडे हिरो होंडा होती. गिअर डाव्या पायात, ब्रेक उजव्या. एकदा मित्राची जुनी बुलेट घेतली. तिचं सगळं उलटं. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. बांधावरून गाय आडवी आली. आम्ही क्लच ओढून उजवा पाय दाबला, तर गाडी थांबायच्या ऐवजी गिअर वर गेला आणि आम्ही धानाच्या बांधीत. वडील म्हणाले होते, "चालवता येत नाही तर घेतोस कशाला?" तेव्हा ते वाक्य किती लागलं होतं! पायाने त्याला शिकवलं तेच केलं होतं. तेच वाक्य आम्ही भाच्याला ऐकवलं.

मंडळी, आपण तर जन्मापासून हाच खेळ खेळतो आहोत. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, बाहेर हिंदी. आमच्या आजीला शाळेतले गुरुजी म्हणाले, "बच्चे को अच्छी शिक्षा देंगे." आजी घाबरून म्हणाली, "लेकरू लहान आहे, मारू नका!" शब्द एकच, घरात त्याचा अर्थ दंड, शाळेत विद्या. आपली मुलं चुकीचा शब्द बोलली की घरचे हसतात, बाहेरचेही हसतात. त्यांनी एका ठिकाणचं खरं दुसऱ्या ठिकाणी वापरलेलं असतं, एवढंच.

म्हणून शिकवताना "नेहमी असं कर" म्हणू नये. "इथे असं, तिथे तसं" हे आधीच सांगावं. कामावर नवा मजूर आला की आम्ही आता चढण्याआधी विचारतो, "आधी कुठे काम केलं? तिथली पद्धत काय होती?" दोन मिनिटं जातात, पण हातपाय शाबूत राहतात.

आमच्या मुलाने खेळातल्या त्या देवळात दोन पाट्या लावल्या. "शिडी : शिफ्ट म्हणजे थांबा." "परांची : शिफ्ट म्हणजे खाली." मग आम्ही नागपूरला फोन लावला आणि भाच्याला म्हटलं, "बाळा, चूक तुझी नव्हती. मामा न बघता बोलला." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग विचारतो कसा, "मामा, देवळाला कळस लावला का?"

नाही लावला. तो दिवाळीला येणार आहे, तोवर थांबलोय.

गणपती बाप्पा मोरया!