आजोळ आणि व्हॅलिडिटी



नांदेडच्या व्यासपीठावरून आदिवासी ओळखीवर बोलायचं तर किनवट-माहूरला वगळून चालणार नाही. किनवट तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला, पण गोंड, कोलाम, परधानांची सोयरीक सीमेच्या दोन्ही अंगांना राहिली. परिषदेचा विषय ओळख आणि सामाजिक आधार असा आहे. मी त्यातल्या एकाच घरात शिरतो : आई आदिवासी, बाप बिगरआदिवासी.

गोंडांत सगा, म्हणजे देवांच्या संख्येवरून ओळखला जाणारा कुळांचा गट, बापाकडून येतो. चार देवांचे, पाच, सहा, सात देवांचे. एका सग्यात लग्न होत नाही. बापच बाहेरचा असेल तर लेकीचे देव किती? हा प्रश्न पूजेला आणि सोयरीक जुळवताना पुढे येतो. एरवी आजोळी वाढलेल्या, आजीशी गोंडीत बोलणाऱ्या पोरीला तो कोण विचारतो?

विचारतं ते कार्यालय. माधुरी पाटील खटल्याच्या 1994 च्या निकालाने जमातीचे दाखले तपासणाऱ्या पडताळणी समित्यांची आणि दक्षता पथकांची रीत घालून दिली, पुढे 2001 च्या राज्य कायद्याने त्यांना बळ दिलं. खोट्या दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा गेल्या, तेव्हा पडताळणी हवीच. त्यात मला शंका नाही. पण वंशावळ काढायची ती बापाकडून. शाळेचा निर्गम उतारा, खासरा पाहणी, सगळं आजोबा-पणजोबांच्या नावाचं. आजीचं नाव त्या झाडाला लागतच नाही. लातूरला नीटची तयारी करणारी मुलं समितीच्या वैधता प्रमाणपत्राबद्दल मार्कांइतक्याच धास्तीने एकमेकांना विचारतात, ‘व्हॅलिडिटी आली का?’

2012 साली रमेशभाई दाभाई नायका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वाट थोडी मोकळी केली. बापाची जात ती मुलाची असं गृहीत धरता येईल, पण ते खोडता येतं. आईने आपल्या जमातीत वाढवलं, जमातीने आपलं मानलं, बापाच्या उच्च जातीचा फायदा मिळाला नाही, उलट जमातीच्या वाट्याची वंचना आणि अवहेलनाच सोसली, हे मुलाला पुराव्याने दाखवता येतं. निकाल मोठ्या मनाचा आहे. मात्र त्याच्या पोटात एक पेच आहे. चुलत्याने वह्या-पुस्तकं घेऊन दिली, बापाच्या आईने आजारपणात उशाशी बसून रात्र काढली, तर ती माया मुलीच्या दाव्याला बाधक ठरू शकते. दोन्ही घरांनी जीव लावलेल्या मुलीने मग एक घर लपवायचं का?

तुलनेला कॅनडा घेऊ. तिथे आदिवासी म्हणून कायद्याने दर्जा असलेल्या बाईने तसा दर्जा नसलेल्या पुरुषाशी लग्न केलं की तिचा दर्जा जायचा. हे 1985 पर्यंत चाललं. तिथल्याच मेटी या मिश्र वंशाच्या समाजाबाबत 2003 च्या पाउली निकालाने तीन गोष्टी पाहिल्या : माणूस स्वतःला काय म्हणवतो, पूर्वजांशी नातं आहे का, आजचा समाज त्याला आपला मानतो का. त्यात वंचनेचा हिशेब मागितलेला नाही. अर्थात तिथे प्रश्न शिकारीच्या हक्काचा होता, आपल्याकडे तो राखीव जागांचा आहे. म्हणून तो निकाल इथे जसाच्या तसा लागू करा, असं मी म्हणणार नाही.

माझी तक्रार समित्यांपेक्षा आपल्या, समाजशास्त्रज्ञांच्या जमातीबद्दल आहे. आपण प्रश्नावली घेऊन वसतिगृहात जातो. ‘अडचणीत कोण मदत करतं?’ याला एक ते पाच गुण देतो, सरासरी काढतो आणि प्रबंध बांधून मोकळे होतो. मदत मामाकडून आली की चुलत्याकडून, हे विचारत नाही. आणि विचारलं, तर त्या उत्तराची किंमत मुलीला पडताळणीत मोजावी लागेल, हे आपल्या ध्यानीमनी नसतं. खरं सांगितलं तर दावा लंगडा पडेल या भीतीने ती हातचं राखून उत्तर देते. आपण तिची सही घेऊन पुढच्या खोलीचं दार वाजवतो.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. मिश्र घरातल्या मुलांच्या मुलाखतीत गाव, कूळ, आडनाव टिपणवहीतही लिहू नये; प्रबंधातून गाळणं पुरेसं नाही. आणि या मुलाखतींपासून अलग ठेवून आजोळची वंशावळ आपण पद्धतशीर गोळा करावी : आजी, तिची आई, तिचे भाऊ, कुणाच्या लग्नात कुणाला कोणता मान मिळाला. हे काम किनवटपासून सुरू करता येईल. त्याचा आराखडा उद्या दुपारच्या सत्रात चर्चेला घ्यावा, अशी अध्यक्ष या नात्याने सूचना मांडतो.