सर फ्रँक वॉरेल : कर्णधार आणि विद्यार्थी
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



‘मुलगा सारखा खेळतो, अभ्यास करीत नाही’ ही पालकांची तक्रार मी नेहमी ऐकतो. म्हणून आज एका खेळाडूबद्दलच बोलणार आहे.

फ्रँक वॉरेल यांचा जन्म १९२४ साली बार्बाडोस बेटावर झाला. त्या काळी वेस्ट इंडीजच्या संघात धावा काढायला आणि बळी घ्यायला कृष्णवर्णीय चालत; कर्णधारपद मात्र गोऱ्यांकडे राही. जॉर्ज हेडली यांना १९४८ मध्ये एका कसोटीपुरते ते मिळाले, तेवढेच. वॉरेल यांनी १९५० साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला २६१ धावा केल्या, तरी त्यांच्या वाट्याला आणखी दहा वर्षे थांबणेच आले.

थांबले म्हणजे स्वस्थ बसले नाहीत. इंग्लंडमध्ये लीग क्रिकेट खेळून चरितार्थ चालवीत त्यांनी मँचेस्टर विद्यापीठात नाव घातले. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हा वॉरेल त्यात नव्हते. ते अभ्यास करीत होते! चौतिशीतला नामांकित फलंदाज परीक्षेसाठी दौरा सोडतो, हे आमच्या मुलांनी ध्यानात घ्यावे. आणि पदवी मिळाल्यावर त्याने बॅट टाकून दिली नाही, हे पालकांनी.

१९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी ते कर्णधार झाले. संपूर्ण मालिकेसाठी नेमलेले ते पहिले कृष्णवर्णीय कर्णधार. आधीचे कर्णधार जेरी अलेक्झांडर त्यांच्या हाताखाली यष्टिरक्षक म्हणून खेळले आणि फलंदाजीतही चमकले. वॉरेल यांनी बेटाबेटांतली भांडणे मिटवून एक संघ उभा केला. ब्रिस्बेनच्या पहिल्याच कसोटीत दोन्ही संघांच्या एकूण धावा ७३७ झाल्या आणि सामना बरोबरीत सुटला. कसोटीच्या इतिहासात असे प्रथमच घडले. मालिका त्यांनी २-१ अशी गमावली, पण निरोपाच्या दिवशी मेलबर्नच्या रस्त्यांवर लोकांचा महापूर लोटला होता. जिंकलेल्यांना एवढा मान क्वचित मिळतो.

आता आपल्या जवळची गोष्ट. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात ग्रिफिथचा चेंडू आपले कर्णधार नरी कंत्राटदार यांच्या डोक्याला लागला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया करावी लागली, रक्त हवे होते. रक्त देणाऱ्यांत आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर होते. आणि प्रतिस्पर्धी संघाचे कर्णधार फ्रँक वॉरेलही होते. कंत्राटदारांचा जीव वाचला. पुढच्याच कसोटीत एकवीस वर्षांचे मन्सूर अली खान पतौडी भारताचे कर्णधार झाले, आणि नाणेफेकीला त्यांच्यासमोर उभे होते ते वॉरेलच.

निवृत्तीनंतर ते वेस्ट इंडीजच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे वॉर्डन झाले. ‘सर’ किताब मिळूनही मुलांमध्येच रमले. १३ मार्च १९६७ रोजी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा वय अवघे बेचाळीस. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्यासाठी प्रार्थनासभा भरली. इकडे कोलकात्यात बंगालची क्रिकेट संघटना त्यांच्या नावाने रक्तदान शिबिर भरवीत आली आहे. कंत्राटदारांना दिलेल्या त्या रक्ताची ती आठवण.