न दिसणारा दोर

कोलकात्यात विश्वकर्मा-पूजेचा दिवस हा पतंगांचा दिवस. आमच्या नागपुराकडे संक्रांतीला जी धांदल उडते, तीच येथे सप्टेंबरच्या मध्याला गच्च्या-गच्च्यांवर दिसते. पतंग कटला की आम्ही ‘ओ काट’ म्हणून ओरडत असू. येथली मुले ‘भोकाट्टा’ म्हणून ओरडतात. शब्द निराळा, आनंद तोच. दोन वर्षांपूर्वी याच दिवशी आमच्या चिरंजिवांनी चक्री बाजूला ठेवली आणि विमानाची मागणी केली. घरी बांधावयाचे, विजेच्या लहानशा मोटारीवर चालणारे, आणि हातातील पेटीने जमिनीवरून उडवावयाचे विमान. “बाबा, याला दोरच नाही!” असे तो मोठ्या कौतुकाने म्हणाला.

मलाही तेव्हा तसेच वाटले होते. दोर आहे, मात्र तो दिसत नाही, हे पुढे कळले. त्या दोराची गाठ कशी पडते आणि ती नीट पडली नाही तर काय होते, याविषयी मी आज बोलणार आहे.

हातातील पेटी म्हणजे प्रक्षेपक. तो बिनतारी लहरी सोडतो. विमानाच्या पोटात आगपेटीएवढा ग्राहक असतो. तो त्या लहरी टिपतो आणि सुकाणू हलविणाऱ्या व पंखा फिरविणाऱ्या मोटारींना हुकूम देतो. येथवर सारे सोपे आहे. परंतु आकाशात लहरींची मुळीच वाण नाही. त्या गर्दीत आपल्या धन्याची हाक कोणती, हे ग्राहकाने ओळखावे कसे?

आमच्या लहानपणी, 1990 नंतरच्या वर्षांत, शेजारच्या मुलाकडे आणि माझ्याकडे बिनतारी चालणाऱ्या दोन खेळण्यातल्या मोटारी होत्या. दोन्ही 27 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील. मी माझे बटण दाबले की त्याचीही मोटार वळे, आणि त्याने दाबले की माझी भिंतीवर जाऊन आदळे. आमचे भांडण झाले ते वेगळेच. वस्तुतः दोष आम्हा दोघांचाही नव्हता. दोन्ही मोटारींना एकच हाक ऐकू येत होती, आणि ती कोणाची हे विचारण्याची बुद्धी त्यांना दिलेली नव्हती.

हा प्रश्न बिनतारी विद्येइतकाच जुना आहे, आणि तिची एक पहिली पायरी याच शहरात पडली. प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकविणारे आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी 1895 साली येथील टाऊन हॉलमध्ये बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठविल्या आणि तेथे घंटा वाजवून व दारू पेटवून दाखविली. दुरून, तारेवाचून, एखादी वस्तू आज्ञेत वागविणे, हेच ते दृश्य होते. आमचे विमान त्याच कुळातले. त्यांची काही उपकरणे त्यांनीच 1917 साली स्थापिलेल्या बसू विज्ञान मंदिरात जपून ठेवलेली आहेत. त्यांच्या एका ग्राहकात पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा एकमेकींना टेकवून ठेवलेल्या असत. लहर आली की त्यांतून वीज अधिक सहज वाहू लागे. मात्र अशा ग्राहकाला हाक कोणाची हे कळत नसे. त्या दिवशी टाऊन हॉलमध्ये हाक मारणारा एकच होता, म्हणून अडचण आली नाही.

लवकरच अडचण आली. 1903 च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक फ्लेमिंग हे मार्कोनींच्या यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवीत होते. संदेश दूरच्या कॉर्नवॉलमधून यावयाचा होता. त्याआधीच त्या यंत्रावर चेष्टेचे शब्द उमटू लागले. नेव्हिल मॅस्केलीन नावाच्या जादूगाराने जवळच आपला प्रक्षेपक लावला होता. ‘आमच्या यंत्रांचे सूर जुळलेले आहेत, परक्याची ढवळाढवळ होणार नाही,’ या दाव्याचा त्याने भर सभेत फज्जा उडविला.

सूर जुळविणे म्हणजे काय, हे आपल्याला सतारीवरून समजेल. सतारीच्या मुख्य तारांखाली तरफेच्या तारा असतात. वादक त्यांना प्रत्येक वेळी छेडीत नाही. वर तिचा स्वर वाजला की खालची ती एक तार आपोआप झंकारते; शेजारची गप्प राहते. ऑलिव्हर लॉज यांनी 1897 साली हेच तत्त्व बिनतारी यंत्रांना लावले. प्रक्षेपक ज्या कंपनसंख्येवर बोलतो, तिलाच ग्राहकाने दाद द्यावी. 1898 साली न्यूयॉर्कमध्ये दुरून चालणारी लहान नाव लोकांना दाखविणाऱ्या टेस्ला यांनी आणखी एक पाऊल टाकले. एकच स्वर कोणीही चोरू शकेल, म्हणून दोन निरनिराळे स्वर एकदम लागल्याखेरीज ग्राहकाने हलू नये, अशी योजना त्यांनी मांडली. एका कुलुपाला दोन किल्ल्या लावण्यासारखेच ते झाले.

विमाने उडविणाऱ्या हौशी मंडळींनी पुढे कित्येक वर्षे स्फटिकांच्या जोड्यांवर काम भागविले. एक स्फटिक प्रक्षेपकात, त्याचा जोडीदार ग्राहकात. दोन्ही दिसावयास सारखे. पण ग्राहकातील स्फटिक सामान्यतः 455 किलोहर्ट्झनी खालचा असे, त्यामुळे त्यांची अदलाबदल चालत नसे. मैदानावर एक फळी असे. तिच्यावर प्रत्येक कंपनसंख्येचा एकच चिमटा. तो ज्याच्या हाती, त्यानेच आपली पेटी सुरू करावी. हा शिष्टाचार कोणी मोडला, तर दुसऱ्याचे उडते विमान त्याच क्षणी बेवारस होई.

याहून चांगली युक्ती एका नटीने आणि एका संगीतकाराने सुचविली होती. हेडी लमार आणि जॉर्ज अँथाईल यांना 1942 साली अमेरिकेत एक पेटंट मिळाले. बिनतारी आज्ञेने चालणारा पाणतीर शत्रूला भुलविता येऊ नये, म्हणून प्रक्षेपक व ग्राहक या दोघांनी ठरलेल्या क्रमाने, बरोबरच, 88 कंपनसंख्यांवर उड्या मारीत राहावे, ही ती कल्पना. पियानोच्या पट्ट्याही 88 असतात, आणि क्रम राखण्यासाठी आपोआप वाजणाऱ्या पियानोत असते तशी भोके पाडलेली कागदी गुंडाळी सुचविली होती. आरमाराने त्या युद्धात ती वापरली नाही. परंतु आज 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारे कित्येक संच अशाच उड्या मारतात. शिवाय प्रत्येक प्रक्षेपकाला स्वतःचा एक सांकेतिक अंक असतो. पहिल्या भेटीत ग्राहकाला तो अंक शिकवावा लागतो. हौशी मंडळी याला ‘बाइंड’ करणे म्हणतात. मी त्याला गाठ बांधणे म्हणतो.

ही गाठ आमची पहिल्या प्रयत्नात बसेना. चिरंजिवांनी पेटी एका मोठ्या मुलाकडून जुनी घेतली होती आणि ग्राहक चांदनी चौकातून नवा आणला होता. दोन्हींवर 2.4 असे छापलेले. मी दुकानात जाऊन तक्रार केली. वृद्ध दुकानदार हसून म्हणाले, “दादा, तुम्ही आणि मी एका ट्राममध्ये बसलो, म्हणून आपली भाषा एक झाली काय?” पट्टा एक असला तरी प्रत्येक कारखान्याची बोली वेगळी. त्या पेटीच्या बोलीचा ग्राहक त्यांनी शोधून दिला, आणि घरी येताच गाठ बसली.

निदान आम्हाला तसे वाटले. शहराबाहेर, भाताची कापणी झालेल्या एका शेतात आम्ही गेलो. मी विमान धरून उभा होतो. काही विसरले म्हणून मुलाने पेटी बंद केली, आणि त्याच क्षणी माझ्या हातातील पंखा गर्जून फिरू लागला. तळहाताला तीन टाके पडले. मुलगा पांढराफटक होऊन म्हणाला, “बाबा, मी तर बंद केले होते!”

चूक आमचीच होती. आमच्या संचात गाठ बांधतानाच ग्राहक दुसरीही एक गोष्ट लक्षात ठेवतो: हाक ऐकू येईनाशी झाली तर काय करावे. त्या वेळी वेगाची दांडी अर्ध्यावर राहून गेली होती. तेव्हा ‘धनी बोलेनासा झाला की पंखा अर्ध्या वेगाने फिरवावा,’ असा हुकूम आम्ही नकळत देऊन ठेवला होता. विमान आकाशात असते आणि खाली माणसे असती, तर ते तसेच भरकटत गेले असते.

तेव्हापासून आमच्या घरी काही नियम आहेत. गाठ बांधताना पंखा काढून ठेवावयाचा आणि वेगाची दांडी अगदी खाली ठेवावयाची. आधी पेटी सुरू, मग विमान; बंद करताना आधी विमान, मग पेटी. पंखा बसविण्यापूर्वी पेटी मुद्दाम बंद करून मोटार थांबते की नाही, हे पाहावयाचे. आणि उड्डाणापूर्वी पेटीची शक्ती कमी करून तीसएक पावले दूर जावयाचे व सुकाणू आज्ञा पाळते याची खात्री करून घ्यावयाची.

माझा जन्म हुकूम वाचण्यात आणि लिहिण्यात जात आहे. आदेश कोणाचा मानावा आणि कोणाचा मानू नये, हे आमच्या कचेरीत पहिल्या दिवशी शिकवितात. आदेश येईनासा झाला तर काय करावे, हे मात्र मला त्या शेतात कळले.

यंदाच्या विश्वकर्मा-पूजेला गच्चीवर पतंग होतेच. आमचे विमान खाली टेबलावर होते. चिरंजीव पंखा काढून, दांडी खाली ओढून, एका धाकट्या मित्राला सांगत होते, “आधी हे बघ. उडवणे नंतर.”