पोटदुखी सोमवारचीच का?



मुलांच्या मानसिक आरोग्यावर बोला, असं मला सांगितलंय. पण मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. भिवंडीत लहान मुलांचा दवाखाना चालवतो. ताप, जुलाब, खोकला, लसी, हे माझं काम. माझ्याकडे मनाचा आजार म्हणून कुणीच येत नाही. पोटदुखी येते, डोकेदुखी येते, चक्कर येते, मोठं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं म्हणून आई येते. म्हणून त्याबद्दलच बोलतो, आणि सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

बारा वर्षांची एक मुलगी होती. अम्मी घेऊन यायची, "डॉक्टरसाब, इसका पेट रोज दुखता." मी जंताचं औषध दिलं, ॲसिडिटीचं दिलं, दोनदा सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. फेब्रुवारीत ती पुन्हा आली तेव्हा बाहेर चाळीस पेशंट बसले होते. मी वैतागून म्हणालो, "काही झालेलं नाही, नाटक करतेय." तिच्यासमोर म्हणालो. त्यानंतर ती आलीच नाही.

जुलैत आली, तेव्हा सोबत कॉलेजात शिकणारा मामेभाऊ होता. तो सहज बोलून गेला, "सर, रविवारी हिचं दुखत नाही. मे महिन्यात तर एकदाही दुखलं नाही." इतकी साधी गोष्ट मी कधी विचारलीच नव्हती. मुलगी पाचवीपर्यंत उर्दू शाळेत होती, पहिल्या-दुसऱ्या नंबरात यायची. सहावीला इंग्रजी माध्यमात घातली. तिथे उभं करून धडा वाचायला लावत आणि वर्ग हसत असे. अब्बू यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून फी भरतात, हे तिला माहीत होतं. मग घरी सांगणार काय?

तिचं दुखणं खोटं नव्हतं, हे नीट समजून घ्या. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते, तिथल्या नसा जास्त संवेदनशील होतात. पोट खरंच दुखतं. सोनोग्राफीत ते दिसत नाही, एवढंच.

त्या दिवशी मी अम्मीला दहा मिनिटं बाहेर बसायची विनंती केली, नर्सला आत थांबवलं. मुलीला म्हटलं, तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. फक्त तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला मोठ्यांना सांगावं लागेल. मग घर, शाळा, झोप, जेवण, मैत्रिणी, एकेक विचारत गेलो. सगळ्यात शेवटी, मरून जावंसं वाटतं का? हा प्रश्न विचारल्याने मुलाच्या डोक्यात तसला विचार शिरतो, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मूल मोकळं होतं.

शाळा बंद करायची नाही, हे अम्मीला पटवायला वेळ लागला. घरी बसवलं की आज बरं वाटतं, पण भीती वाढते. वर्गशिक्षिकेला चिठ्ठी दिली: महिनाभर मोठ्याने वाचायला लावू नका, नंतर दोन ओळींपासून सुरू करा. दर पंधरा दिवसांनी तिला बोलावत होतो. चारेक महिन्यांत पोट शांत झालं. परीक्षेआधी अजून दुखतं.

आता हे काम बालरोगतज्ज्ञानेच, किंवा गल्लीतल्या एमबीबीएस डॉक्टरनेच का करायचं? कारण मूल आमच्याकडे आधीपासून येत असतं. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, मग सोळा ते चोवीस महिन्यांच्या मधला बूस्टर, पाच-सहा वर्षं, पुढे दहा आणि सोळा वर्षं. लसीकरणाचं हे वेळापत्रक म्हणजे आयती संधी आहे. दीड महिन्याच्या भेटीत मी आता बाळाआधी आईला विचारतो, झोप लागते का, रडू येतं का? बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखलं नाही तर बाळाचंही नुकसान होतं. बूस्टरच्या वेळी पाहतो, मूल नावाने हाक मारल्यावर वळतं का, बोट दाखवतं का? स्वमग्नतेची शंका तिथेच येते. 'पोरगा आहे, उशिरा बोलेल' म्हणून दोन वर्षं वाया जातात.

एक तृतीयांश मानसिक आजार वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आत सुरू होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या सुमारे 7 टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. साठ जणांच्या वर्गात चार मुलं धरा. तज्ज्ञ फारच थोडे आहेत, आणि असले तरी 'पागलों का डॉक्टर' या शब्दापुढे घरातली पावलं अडतात. सरकारी सोय नाही असं नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळांत एकदा तपासणीला यायला हवीत. तुमच्या मोहल्ल्यातल्या शाळेत पथक कधी आलं होतं, हे मुख्याध्यापकांना विचारा. विचारणारे असले की फरक पडतो.

तुम्हा तरुणांना मी एवढ्यासाठी सांगतोय की धाकट्यांना दवाखान्यात तुम्हीच आणता. अब्बू पाळीवर असतात, अम्मीला मराठी-इंग्रजीचा संकोच असतो. तेव्हा येण्याआधी पंधरा दिवस कागदावर लिहा, कधी दुखलं, कोणता वार, त्याआधी काय घडलं. डॉक्टरने मुलाला विचारलं तर मुलालाच बोलू द्या. मध्ये पडून उत्तर देऊ नका. आणि माझ्यासारखा कुणी 'नाटक' म्हणाला, तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

घरात दादी म्हणेल, नजर लागलीय, दम करून आणा. तिच्याशी भांडू नका. मी सांगतो, दम करा, पण त्याच आठवड्यात माझ्याकडेही या. मात्र मुलाला बांधून ठेवणं, मारणं, उपाशी ठेवणं कुणी सुचवलं तर तिथून उठायचं.

मुलगा अचानक गप्प झाला, आवडत्या वस्तू वाटू लागला, हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर सोमवारची वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेली-मानसचा नंबर 14416 आहे, 2022 पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत आणि उर्दूतही बोलता येतं. मुलावर कुणी अत्याचार करत असेल तर 1098. दोन्ही आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा, मी थांबतो. मग प्रश्न घेऊ.