लेकरांची कैवारी : डॉ. मेमी क्लार्क



बाबासाहेब शिकले त्याच कोलंबिया विद्यापीठात पुढे डॉ. मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय बाईंनी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यांनी व पती केनेथ यांनी लहानग्यांपुढे गोऱ्या-काळ्या बाहुल्या ठेवल्या. "चांगली कोणती?" निम्म्याहून अधिक काळ्या मुलांनीही गोरीच दाखवली! भेदभाव एवढा खोल रुततो. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा या कामाचा दाखला घेतला.

१९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत त्यांनी बालकेंद्र काढले. शाळांनी मंदबुद्धी ठरवलेली मुले पुन्हा तपासली. कित्येक तशी नव्हतीच.

आपल्या लेकराला कोणी 'मठ्ठ' म्हटले, तर आपणही गप्प बसायचे नाही. शाळेत जाऊन विचारायचे. हेच बाईंना आपले अभिवादन.