हुगळीचा गाळ आणि कोलकात्याचे बंदर



बंदर म्हटले की महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांपुढे खारे पाणी आणि उघडा समुद्र उभा राहतो. कोलकात्याचे बंदर मात्र समुद्रापासून सुमारे २०३ किलोमीटर आत, हुगळी नदीच्या काठी वसले आहे. देशातील प्रमुख बंदरांमध्ये नदीवरचे असे हे एकमेव बंदर होय. एवढ्या आत, तेही गाळाने भरणाऱ्या नदीत, जहाजे का नेली, हा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर सोपे आहे. माल तेथे होता. बंगालची मलमल, रेशीम, सोरा, पुढे नीळ हे सारे होड्यांतून गंगेच्या प्रवाहाबरोबर खाली येई, आणि जेथे माल उतरतो तेथे गिऱ्हाईक जाते.

कोलकात्यापूर्वी हा मान सप्तग्रामाचा होता. ते सरस्वती नदीवरील श्रीमंत बंदर. सोळाव्या शतकात ती नदी गाळाने भरत गेली. पोर्तुगीजांची मोठी जहाजे खाली बेतोर येथेच थांबत आणि माल लहान नावांतून वर जाई. व्हेनिसचा प्रवासी सीझर फ्रेडरिक याने लिहून ठेवले आहे की, बेतोरला दरवर्षी गवताच्या झोपड्यांचा बाजार उभा राही आणि जहाजे परतली की तो जाळून टाकीत. पुढे सप्तग्रामचे शेठ आणि बसाक हे सुताकापडाचे व्यापारी पाण्यामागोमाग खाली सरकले. त्यांच्या बाजाराचे गाव ते सुतानुटी. नावातच सुताची लडी आहे. २४ ऑगस्ट १६९० रोजी जॉब चार्नॉक तेथे उतरला आणि पुढे त्यालाच शहराचा संस्थापक म्हणण्याची रीत पडली. २००३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने तो मान काढून घेतला. बाजार आधी होता आणि साहेब मागून आला, हे व्यापाऱ्याला न्यायालयाने सांगावे लागत नाही.

मात्र या नदीने कोणालाही निर्धास्त राहू दिले नाही. रूपनारायण जेथे हुगळीला मिळते त्या भागात ‘जेम्स अँड मेरी’ नावाचा वाळूचा बांध आहे. १६९४ मध्ये तेथे बुडालेल्या जहाजाचे नाव त्याला मिळाले आणि पुढेही अनेक जहाजे त्याने गिळली. वाळू जागा बदलते, त्यामुळे मागील वर्षीचा नकाशा यंदा उपयोगी पडेलच असे नाही. म्हणून नदीची खडान्‌खडा माहिती असलेल्या पायलटवाचून कोणतेही मोठे जहाज वर येत नसे. बंगालची पायलट सेवा ही त्या काळी मोठ्या प्रतिष्ठेची नोकरी मानली जाई.

हुगळी एक दिवस बुजून जाईल ही धास्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इतकी वाढली की, सरकारने मातला नदीवर पर्यायी बंदराचा घाट घातला. गव्हर्नर जनरल कॅनिंग यांचे नाव त्याला देण्यात आले. कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा वादळांचा अभ्यासक होता. ‘सायक्लोन’ हा शब्द त्यानेच रूढ केला. १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसी यांना पत्र लिहून त्याने बजावले की, ही जागा चक्रीवादळाच्या लाटेच्या थेट तोंडावर आहे. त्याचे कोणी ऐकले नाही. रेल्वे झाली, धक्के झाले, कंपनी निघाली. १८६४-६५ च्या शेअरवेडात मुंबईकरांनीही तिचे शेअर चढ्या भावाने उचलले. पिडिंग्टन १८५८ मध्येच वारला होता. १८६७ च्या वादळात लाट आली आणि पाचेक वर्षांत बंदर सोडून द्यावे लागले.

मग हुगळीलाच सांभाळून घेणे भाग पडले. १८६४ च्या वादळानेही तेथील जहाजांची दाणादाण उडविली होती. १८७० मध्ये पोर्ट कमिशनर्स नेमले गेले, १८९२ मध्ये खिदिरपूरची गोदी सुरू झाली. गोदीचे तत्त्व असे की, भरतीच्या वेळी दरवाजातून जहाज आत घ्यायचे आणि दार लावून पाणी अडवायचे. मग बाहेर ओहोटी लागली तरी आतले जहाज तरंगत राहते. दुसरी मोठी गोदी १९२९ ची. तिला आज नेताजी सुभाष गोदी म्हणतात. चहा आणि तागाच्या गाठी येथून बाहेर गेल्या. ज्या प्रांताची मलमल पूर्वी युरोपात विकली जाई, त्याच प्रांतासाठी मँचेस्टरची धोतरे याच धक्क्यांवर उतरू लागली. याच नदीतून माणसेही गेली. १८३४ मध्ये ‘ॲटलस’ जहाजाने ३६ मजूर मॉरिशसला नेले आणि पुढे १९१७ पर्यंत करारबद्ध मजुरांचा ओघ फिजी, गयाना, सुरीनामकडे चालू राहिला. व्यापाराच्या जमाखर्चात या माणसांची नोंद कोणत्या बाजूला करावी?

स्वातंत्र्यानंतर गाळाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. फरक्का येथे गंगेवर बंधारा बांधून कालव्याने ४०,००० क्युसेक पाणी हुगळीत सोडावे, म्हणजे गाळ वाहून जाईल, अशी योजना ठरली. पश्चिम बंगालचे अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी विरोध केला. दामोदरवरील धरणांनी पूर थांबले, म्हणून खालची नदी धुतली जाणे थांबले. आणि उन्हाळ्यात एवढे पाणी गंगेत मिळणारच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना उत्तर देण्याऐवजी त्यांच्या देशनिष्ठेवरच संशय घेण्यात आला. १९७५ मध्ये बंधारा सुरू झाला. शहराच्या पाण्यातील खारेपणा कमी झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण गाळ काढणारी यंत्रे थांबली नाहीत, माल्दा-मुर्शिदाबादकडे काठ ढासळून गावे नदीत गेली, आणि पाण्याच्या वाट्यासाठी बांगलादेशाशी १९९६ मध्ये तीस वर्षांचा करार करावा लागला.

१९७७ मध्ये हल्दियाची गोदी झाली, ती समुद्राच्या अधिक जवळ. तेथेही गाळ आहेच. २०२० पासून या बंदराला श्यामाप्रसाद मुखर्जींचे नाव आहे. खोल बुडणारी मोठी जहाजे आजही काही माल खाली समुद्रातच उतरवून हलकी होतात, आणि पायलट चढल्यावर भरतीची वेळ पाहूनच वर निघतात.